कडेवरचे मूल : संत छोटी तेरेजा



१ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा बाळ येशूच्या संत तेरेजाचा सण साजरा करते. अविलाच्या थोर संत तेरेजापासून तिची वेगळी ओळख राहावी म्हणून आपण तिला प्रेमाने ‘छोटी तेरेजा’ म्हणतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तिची तसबीर असेल. तपकिरी झगा, त्यावर पांढरा अंगरखा, हातात क्रूस आणि क्रूसावर गुलाबाची फुले. चेहरा इतका शांत, की पाहणाऱ्याला वाटावे, हिला आयुष्यात कसली म्हणून चिंता पडली नसेल. सुखवस्तू घर, लाडाकोडाचे बालपण आणि पुढे मठाचा आसरा. अशा मुलीने देवावर बाळासारखा विश्वास ठेवला तर त्यात नवल ते काय? आपल्यामागे घराचे हप्ते, मुलांच्या परीक्षा, म्हाताऱ्या आईवडिलांची दुखणी. आपल्याला कुठली आली एवढी शांती?

असे कोणाच्या मनात आले तर ते चूक नाही. तसबिरीत माणसाचे अर्धेच आयुष्य दिसते. म्हणून या वर्षी तेरेजाची फुले थोडी बाजूला ठेवून तिचे जीवन जवळून पाहू या.

आई नसलेले घर

तेरेजाचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात, आलाँसों या गावी झाला. वडील लुई मार्टिन हे घड्याळाचे कारागीर होते. आई झेली हिचा लेसचा व्यवसाय होता. आलाँसोंची लेस तेव्हा नावाजलेली होती आणि झेलीच्या हाताखाली अनेक बायका काम करीत. या दांपत्याला नऊ मुले झाली. त्यांतील चार लहानपणीच दगावली. मागे राहिल्या पाच मुली : मरी, पोलिन, लिओनी, सेलिन आणि सर्वांत धाकटी तेरेजा.

२८ ऑगस्ट १८७७ रोजी झेलीला स्तनाच्या कर्करोगाने मरण आले. तेरेजा अवघी साडेचार वर्षांची होती. बडबडी, हसरी पोर एकाएकी अबोल झाली. कोणी नुसते पाहिले तरी तिच्या डोळ्यांत पाणी येई. पाच मुलींना घेऊन लुई लिझ्यू या गावी, मुलींच्या मामाच्या आधाराला राहायला आले. तेरेजाने आपली बहीण पोलिन हिलाच आई मानले.

१८८२ मध्ये पोलिन लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली. नऊ वर्षांच्या तेरेजाची आई दुसऱ्यांदा गेली. पुढच्या वर्षी ती विचित्र दुखण्याने अंथरुणाला खिळली. अंगाला झटके येत, भास होत, घरची माणसे ओळखू येत नसत. वैद्यकीय उपचारांना यश येईना. १३ मे १८८३ रोजी, पेंटेकॉस्टच्या सणाला, बहिणी तिच्या बिछान्याजवळ पवित्र मरियेच्या पुतळ्यासमोर गुडघे टेकून प्रार्थना करीत होत्या. आपल्याकडे पाहून मरियामाता हसली, असा तेरेजाला अनुभव आला आणि ती बरी झाली.

शरीर बरे झाले तरी मन नाजूकच राहिले. ८ मे १८८४ रोजी तिने प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारले. तो दिवस तिच्या परमानंदाचा होता. पण वर्षभराने तिला एका नव्या आजाराने घेरले. साधा विचार मनात आला तरी ते पाप झाले असे वाटे. पाप नव्हते हे पटले, तर पटवून घेतले हेच पाप झाले की काय, अशी नवी शंका उभी राही. दीड वर्ष तिने हा छळ सोसला. रोज ती थोरली बहीण मरीपुढे आपले मन मोकळे करी. मग मरीही कार्मेलमध्ये निघून गेली. आता ऐकणारे कोणी उरले नाही, तेव्हा तिने स्वर्गात गेलेल्या आपल्या चार भावंडांना हाक मारली. धाकट्या बहिणीला ती विसरणार नाहीत, अशी तिची खात्री होती. त्यानंतर मनाची ती टोचणी थांबली.

तेव्हा ज्या मुलीला आपण शांतीची शिक्षिका मानतो, तिला भीती, शोक आणि अपराधीपणाची भावना या तिन्हींची चांगली ओळख होती.

बालिशपणा आणि बाळपण

१८८६ च्या नाताळात एक छोटीशी गोष्ट घडली. मध्यरात्रीच्या मिस्साहून सर्व जण घरी आले. चुलाणाजवळ ठेवलेल्या बुटांत मुलांसाठी भेटवस्तू भरण्याची तिकडे रीत होती. तेरेजा चौदाव्या वर्षाला टेकली होती तरी धाकटी म्हणून तिच्यासाठी ही रीत चालू होती. लुई त्या रात्री थकलेले होते. हे प्रकरण यंदा शेवटचेच, बरे झाले, असे काहीसे ते त्राग्याने बोलले. जिना चढणाऱ्या तेरेजाने ते ऐकले. डोळे भरून आले. आता रात्रभर रडणे चालणार, हे ओळखून सेलिनने तिला लगेच खाली जाऊ नकोस असे विनवले. पण तेरेजाने डोळे पुसले, खाली आली आणि आनंदाने एकेक भेट उघडू लागली. थकलेले वडील हसू लागले.

एवढीच गोष्ट. पण तेरेजाने पुढे या रात्रीला आपले परिवर्तन म्हटले. त्या रात्री तिच्यातला बालिशपणा संपला आणि खरे बाळपण सुरू झाले.

या दोन शब्दांत आपण नेहमी गल्लत करतो. बालिश माणूस सारखा स्वतःकडे पाहतो. मला कोण काय बोलले, माझ्याकडे कोणी लक्ष दिले नाही, माझा मान राखला नाही, यातच त्याचा दिवस जातो. बाळासारखा माणूस स्वतःला विसरू शकतो, कारण आपली काळजी घेणारे कोणी आहे हे त्याला ठाऊक असते. १३१ व्या स्तोत्रात दूध तुटलेल्या बाळाचे चित्र आहे. तान्हे मूल आईजवळ आले की दुधासाठी रडते. दूध तुटलेले मूल आईजवळ येते ते आईसाठीच. ते काही मागत नाही, नुसते बिलगून बसते. स्तोत्रकर्ता या चित्राआधी गर्व आणि आवाक्याबाहेरच्या गोष्टींचा हव्यास सोडल्याचे सांगतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नम्रता आधी, विसावा नंतर.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला नीत्शे या जर्मन विचारवंताचा अभ्यास करावा लागे. तो तेरेजाच्याच काळातला. ख्रिस्ती नम्रता म्हणजे दुबळ्यांनी आपल्या दुबळेपणाला दिलेले गोंडस नाव, असा त्याचा आक्षेप होता. या आक्षेपाला पुस्तकी उत्तरे पुष्कळ आहेत. मला तेरेजाचे चौदावे वर्ष हे चांगले उत्तर वाटते.

१८८७ साली पॅरिसमध्ये प्रांझिनी नावाच्या इसमाला तीन खुनांसाठी देहदंडाची शिक्षा झाली. त्याला पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता. तेरेजाने त्याला आपला पहिला मुलगा मानले आणि त्याच्यासाठी प्रार्थना चालवली. ३१ ऑगस्टला मृत्यूच्या क्षणी प्रांझिनीने धर्मगुरूच्या हातातील क्रूसाचे चुंबन घेतल्याचे तिने वर्तमानपत्रात वाचले. त्याच वर्षी पंधराव्या वर्षी मठात जाण्याची परवानगी तिला मिळेना, तेव्हा ती बिशपांकडे गेली. तिथे निकाल लागेना, म्हणून रोमला गेली. पोप लिओ तेरावे यांच्या भेटीत यात्रेकरूंनी बोलायचे नाही अशी ताकीद होती. २० नोव्हेंबर १८८७ रोजी तेरेजाने पोप महोदयांपुढे गुडघे टेकले आणि सरळ आपली विनंती मांडली. वरिष्ठ सांगतील तसे कर, देवाची इच्छा असेल तर तू जाशील, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. ती तरीही उठेना. अखेर पहारेकऱ्यांना तिला उचलून बाजूला न्यावे लागले.

हे दुबळेपण म्हणायचे का? लहान मूल दाराशी बसून बापाला हाक मारत राहते, कारण आत बाप आहे हे त्याला माहीत असते. नम्र माणसाला असे धाडस येते. त्याला स्वतःची प्रतिष्ठा सांभाळायची नसते.

मठातील दिवस

९ एप्रिल १८८८ रोजी तेरेजा कार्मेल मठात दाखल झाली. आपल्याला हवे ते मिळाले की शांती लाभेल, असे आपल्याला वाटते. तेरेजाला हवे ते मिळाले आणि दुःखाचा एक मोठा डोंगर पुढे आला. तिचे वडील भ्रमिष्ट होऊ लागले. ते घरातून निघून जात, त्यांना भास होत. फेब्रुवारी १८८९ मध्ये त्यांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले आणि तिथे त्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ काढला. मुली एकामागून एक मठात गेल्या, म्हणून बापाचे डोके फिरले, असे लोक बोलत. ज्या घरांत मनाचा आजार आहे, त्यांना हे बोलणे किती लागते हे सांगायला नको. तेरेजाने ते मठाच्या भिंतीआड, काही करता येत नाही अशा स्थितीत सोसले. लुई मार्टिन २९ जुलै १८९४ रोजी देवाघरी गेले.

प्रार्थनेतही तिला गोडी लाभत नव्हती. कोरडेपणा वर्षानुवर्षे टिकला. ध्यानाच्या वेळी तिला झोप लागे. यावर तिने स्वतःला फटके मारून घेतले नाहीत. मूल झोपले तरी आईबापांना तेवढेच प्रिय असते, असा तिने विचार केला आणि ती पुन्हा प्रार्थनेला लागली.

त्या काळी फ्रान्समधील भक्तीवर भयाची दाट छाया होती. देव म्हणजे कडक न्यायाधीश, तराजू घेऊन बसलेला, अशी शिकवण अनेकांच्या मनात मुरलेली होती. तेरेजाही त्यातून सुटली नव्हती. आपल्या बारीकसारीक चुकांनी देव दुखावतो, या विचाराने ती कष्टी होई. १८९१ च्या ऑक्टोबरमध्ये एका फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी मठात रिट्रीट दिली. तुझ्या या चुकांनी देवाला दुःख होत नाही, असे त्यांनी तिला सांगितले. असेही असू शकते, हे तिने पूर्वी कधी ऐकले नव्हते. त्यानंतर ती निर्भयपणे विश्वासाच्या वाटेने निघाली.

तिचे दिवस अगदी साध्या कामांत गेले. धुणे धुताना समोरची भगिनी गढूळ पाणी तोंडावर उडवी, तेव्हा तिने तोंड पुसायचे टाळले. प्रार्थनेच्या वेळी एक भगिनी सतत बारीक आवाज करी. तेरेजाला घाम फुटेपर्यंत त्रास होई. मग तोच आवाज संगीत समजून देवाला अर्पण करायचे तिने ठरवले. एक वृद्ध, आजारी आणि चिडखोर भगिनी होती. तिला हात धरून भोजनगृहात नेण्याचे काम तेरेजाने मागून घेतले. म्हातारीला हाताने पाव कापणे जड जाते हे तिच्या लक्षात आले, तेव्हा तिने तेही काम स्वतःकडे घेतले. आणि एका भगिनीचा तर स्वभावच तिला रुचत नसे. तिच्याशी ती इतक्या प्रेमाने वागे, की तेरेजाला आपल्यात विशेष काय दिसते, असे त्या भगिनीला नवल वाटे.

जिना आणि लिफ्ट

१८९४ मध्ये सेलिनही मठात आली. येताना तिने जुन्या करारातील निवडक वचने उतरवून घेतलेली वही आणली. त्या काळी मठातील भगिनींना संपूर्ण जुना करार सहज हाती मिळत नसे. तेरेजापुढे तेव्हा एक प्रश्न होता. संत व्हायची इच्छा तर देवानेच मनात घातली. पण संतांकडे पाहावे तर ते डोंगराएवढे आणि आपण पायाखालच्या रेतीचा कण. मग ही इच्छा पुरी कशी व्हायची?

प्रवासात तिने लिफ्ट पाहिली होती. तेव्हा ती नवलाईची वस्तू होती. जिने चढण्याचे बळ नसलेल्यांसाठी देवाकडे जाणारी अशी काही सोय असेल का, म्हणून ती वचने चाळू लागली. नीतिसूत्रांच्या नवव्या अध्यायात तिला लहानग्यांना दिलेले बोलावणे सापडले. यशयाच्या सहासष्टाव्या अध्यायात लेकराला कडेवर घेणाऱ्या आणि मांडीवर खेळवणाऱ्या आईसारखा देव सापडला. तेरेजाला उत्तर मिळाले. येशूचे हात हीच आपली लिफ्ट. त्यासाठी मोठे व्हायला नको, लहानच राहायला हवे.

आपल्याकडच्या आयांना हे समजावून सांगायला नको. कडेवरच्या मुलाला चालता येत नाही, म्हणून आई त्याला रागावत नाही. चालता येत नाही म्हणून तर ते कडेवर असते. मुलाने आईला धरले असेल नसेल, आईने मुलाला धरलेले असते. तेरेजाची ‘छोटी वाट’ म्हणतात ती हीच. ९ जून १८९५ रोजी तिने स्वतःला देवाच्या दयाळू प्रेमाला अर्पण केले. आयुष्याच्या संध्याकाळी आपण रिकाम्या हातांनी देवासमोर येऊ, असे तिने त्या प्रार्थनेत लिहिले. पुण्याचा साठा दाखवून देवाकडून काही मागायचे नाही, हा तिचा निर्धार होता.

मत्तयच्या अकराव्या अध्यायात भारावलेल्यांना विसावा देण्याचे वचन देताना प्रभू येशू स्वतःला सौम्य आणि लीन म्हणतो. पण त्याच दमात तो आपले जूही मानेवर घ्यायला सांगतो. म्हणजे प्रभूचा विसावा ही कामातून सुट्टी नव्हे. तेरेजाने धुणी धुतली, म्हातारीला सांभाळले, नव्या भगिनींना घडवले. तिने खाली ठेवले ते एकच ओझे : आपण किती चांगले आहोत, हे सिद्ध करण्याचे.

अंधारातही

अशी शांती खरी की नुसती भावना, याची परीक्षा व्हायची होती. १८९६ साली पवित्र गुरुवारच्या रात्री तेरेजाला खोकल्यातून रक्त पडले. क्षयाची ती सुरुवात होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत, पुनरुत्थानाच्या काळात, तिचा स्वर्गावरील विश्वास दाट धुक्यात बुडाला. मरणानंतर काहीच नाही, असे आतून कोणीतरी खिजवते आहे असे तिला वाटे. हा अंधार तिच्या मरणापर्यंत जवळजवळ तसाच राहिला.

तेरेजाने काय केले? तिने विश्वासांगीकार आपल्या रक्ताने लिहून काढला आणि तो छातीशी बाळगला. विश्वास नसलेल्यांच्या पंगतीला आपल्याला बसवले आहे असे समजून ती त्यांच्यासाठी प्रार्थना करू लागली. आफ्रिकेत जाणार असलेला एक तरुण सेमिनारियन आणि चीनमध्ये गेलेले एक धर्मगुरू असे दोन मिशनरी भाऊ मठाने तिला सोपवले होते. त्यांना ती धीराची पत्रे लिहीत राहिली. शांती म्हणजे सर्व काही स्पष्ट दिसणे, असे असते तर तेरेजाला ती लाभलीच नसती. कडेवर झोपलेल्या मुलालाही रस्ता दिसत नाही.

८ जुलै १८९७ रोजी तिला मठाच्या रुग्णखोलीत हलवले. शेवटचे महिने फार वेदनेचे होते. ३० सप्टेंबर १८९७ रोजी संध्याकाळी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, देवावर आपले प्रेम आहे असे म्हणत तिने प्राण सोडला.

पुढच्याच वर्षी तिच्या वह्यांवरून ‘एका आत्म्याची कथा’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले. पहिल्या छपाईच्या प्रती फक्त २,००० होत्या. ते पुस्तक जगभर गेले. १७ मे १९२५ रोजी पोप पायस अकरावे यांनी तिला संत घोषित केले. १४ डिसेंबर १९२७ रोजी तिला मिशनकार्याची आश्रयदाती नेमले गेले, तेही संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने. झेवियर समुद्र ओलांडून आले आणि त्यांचा देह आज जुन्या गोव्यात आहे. तेरेजाने मठात पाऊल टाकल्यावर ते कधी सोडले नाही. एकाने पायांनी सेवा केली, दुसरीने गुडघ्यांनी. कोलकात्याच्या मदर तेरेसांनी आपले नाव घेतले ते याच छोट्या तेरेजाचे. १९ ऑक्टोबर १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ‘डॉक्टर ऑफ द चर्च’, म्हणजे ख्रिस्तसभेची धर्मपंडिता, हा मान दिला. तो मिळवणारी ती तिसरी स्त्री होती. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिच्या आईवडिलांनाही एकत्र संत घोषित केले. लोकांनी ज्यांना वेडा ठरवले ते लुई मार्टिन आज वेदीवर आहेत. ज्या घरांत आज असे दुखणे आहे, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

बंधुभगिनींनो, या आठवड्यात एक छोटा प्रयत्न करू या. रात्री झोपण्यापूर्वी आपण दिवसभराचा हिशेब मनात घोळवतो. कोण काय बोलले, काय राहून गेले, उद्या काय होणार. तो हिशेब एकदाच देवापुढे मांडावा. चुकले असेल त्याची क्षमा मागावी, मोठे पाप असेल तर प्रायश्चित्त संस्काराला यावे, आणि मग वही मिटून दिवा मालवावा. त्या वेळी आपले हात रिकामे दिसले तर घाबरू नये. कडेवर घ्यायला आई मुलाच्या हातांत काय आहे ते पाहत नाही.

संत तेरेजा, आमच्यासाठी विनंती कर.

तुमचा धर्मगुरू